कृत्रिम हृदय : प्रायोगिक प्राण्यांतील रक्तवाहिन्यांचे उपद्रव

नैसर्गिक हृदयाचे निलय (खालचे कप्पे) काढून टाकून त्यांच्या जागी बसविलेल्या व दोन्ही निलयांचे कार्य करणाऱ्या यांत्रिक पंपाला पूर्ण कृत्रिम हृदय म्हणतात. हा पंप डाव्या व उजव्या अलिंदांच्या (वरच्या कप्प्यांच्या) उरलेल्या भागांना आणि महारोहिणी व फुप्फुस-रोहिणी या दोन मोठ्या वाहिन्यांना जोडतात. असे हृदय बसविलेला पहिला प्राणी १९५७ मध्ये दीड तास जगला. पुढील पंचवीस वर्षांत ही मर्यादा नऊ महिन्यांच्या आसपास गेली. ही प्रगती केवळ पंपाच्या यंत्ररचनेतील सुधारणांमुळे झाली नाही. रक्त ढकलणारा पंप तयार करणे तुलनेने सोपे ठरले. रक्त न गोठविता, त्यातील कोशिका (पेशी) न फोडता आणि शरीरातील वाहिन्या न अडविता ते ढकलणे मात्र फार अवघड ठरले. म्हणून प्रायोगिक प्राणी किती दिवस जगला, हे बहुधा त्याच्या रक्तवाहिन्यांवरून ठरत असे.

उपद्रवांचे स्वरूप : रक्तवाहिनीत गुठळी का होते, याची तीन कारणे सामान्यतः जर्मन विकृतिवैज्ञानिक रूडोल्फ फिरखो यांच्या १८५६ मधील विवेचनाच्या आधारे सांगतात : प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या आतील अस्तराला इजा होणे व रक्ताच्या घटनेत बदल होणे. कृत्रिम हृदयात ही तिन्ही कारणे एकत्र येतात. पंपाच्या कोपऱ्यांत व जोडांच्या फटींत रक्त साचते. वाहिनीचे सजीव अस्तर जेथे संपते तेथून प्लॅस्टिकचा पृष्ठभाग सुरू होतो. आणि शस्त्रक्रियेच्या आघातामुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती बदलते. परकीय पृष्ठभागाशी संपर्क येताच रक्तातील प्रथिनांचा थर त्यावर बसतो, त्याला बिंबाणू (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म चकत्या) चिकटतात व त्यांभोवती तंतुमय क्लथ (गुठळी) वाढू लागतो. या क्लथाचा तुकडा सुटून दूरच्या रोहिणीत अडकला, तर त्याला अंतर्कीलन म्हणतात. अडकलेल्या जागेपलीकडील ऊतकाचा (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहाचा) रक्तपुरवठा तुटून ते मृत होते. अशा मृत भागाला अभिकोथ म्हणतात.

याशिवाय जोडणीच्या टाक्यांतून रक्तस्राव होणे, पंपाच्या दाबाने नीला चेपल्या जाणे, जोडणीजवळ तंतुमय ऊतक वाढून मार्ग अरुंद होणे, पंपाच्या पडद्यावर कॅल्शियमाचे क्षार साचणे, नीलांतील दाब कायम वाढलेला राहणे आणि क्लथात जंतूंचा प्रवेश होऊन दूषित अंतर्कील (सुटलेले तुकडे) सर्वत्र पसरणे, हे उपद्रवही आढळून आले. बहुतेक वेळा एक उपद्रव आटोक्यात येऊन प्राणी अधिक दिवस जगू लागला की, त्या वाढीव दिवसांत पुढचा उपद्रव प्रकट होई.

प्रारंभीचे प्रयोग : रशियन शरीरक्रियावैज्ञानिक व्लादीमिर डेमिखोव्ह यांनी विद्यार्थिदशेतच, १९३७ मध्ये, एका कुत्र्याचे रक्ताभिसरण यांत्रिक पंपाच्या साहाय्याने काही तास चालू ठेवले. अमेरिकेत जॉन गिबन यांनी तयार केलेल्या हृदय-फुप्फुस यंत्राच्या मदतीने १९५३ मध्ये मानवी हृदयावर यशस्वी शस्त्रक्रिया झाली. या यंत्राचा उपयोग हेपारिनामुळे शक्य झाला. रक्ताचे क्लथन (गोठणे) रोखणारे हे द्रव्य बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन यांना १९१६ मध्ये कुत्र्याच्या यकृतावर काम करीत असता आढळले होते. तथापि काही तासांच्या शस्त्रक्रियेसाठी भरपूर हेपारीन देणे आणि शरीरात कायम राहणाऱ्या पंपासाठी महिनोन्‌महिने रक्त पातळ ठेवणे या भिन्न गोष्टी आहेत.

कृत्रिम वृक्काचे (मूत्रपिंडाचे) जनक मानले जाणारे डच वैद्य व्हिलेम कोल्फ १९५० मध्ये अमेरिकेत गेले. क्लीव्हलँड येथे त्यांनी व त्यांचे जपानी सहकारी टेट्सुझो आकुत्सू यांनी १२ डिसेंबर १९५७ रोजी पॉलिव्हिनिल क्लोराइडापासून बनविलेले, हवेच्या दाबावर चालणारे हृदय एका कुत्र्याच्या छातीत बसविले. कुत्रा सुमारे ९० मिनिटे जगला. छाती बंद केल्यावरही प्लॅस्टिकच्या पंपावर रक्ताभिसरण चालू शकते, एवढे यातून सिद्ध झाले. पुढील काही वर्षांत प्राणी तासांच्या हिशोबाने जगत. रक्तस्राव, पंपाच्या भिंती एकमेकींवर आपटून तांबड्या कोशिका फुटणे (रक्तविलयन) व क्लथ ही मृत्यूची नेहमीची कारणे होती. १९६४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय संस्थेने कृत्रिम हृदयाचा स्वतंत्र कार्यक्रम हाती घेतला आणि संशोधनाला मोठे आर्थिक साहाय्य मिळू लागले.

वासराची निवड : कुत्र्याची छाती अरुंद असल्याने माणसासाठी योग्य आकाराचा पंप तीत मावत नसे. म्हणून संशोधक वासराकडे व मेंढीकडे वळले. ८० ते १०० किग्रॅ. वजनाच्या वासराची रक्ताची गरज प्रौढ माणसाच्या गरजेच्या जवळपास असते. ते शांत असते व फिरत्या पट्ट्यावर चालविता येते. त्यामुळे श्रमाचा परिणाम मोजता येतो. या निवडीत दोन उणिवाही होत्या. वासरू झपाट्याने वाढते आणि त्याच्या मेंदूला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांची रचना माणसाहून वेगळी असते. पहिली उणीव लवकर जाणवली. दुसरीचा पुरता अर्थ मात्र मानवी रोपणांनंतरच कळला.

जोडण्या व नीलांवरील दाब : कोल्फ १९६७ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथील यूटा विद्यापीठात गेले. तेथे क्लिफर्ड क्वान-गेट यांनी अर्धगोलाकार पडद्याचे हृदय तयार केले. यातील पडदा समोरच्या भिंतीला टेकत नसल्याने रक्तविलयन पुष्कळ घटले आणि १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वासरे सुमारे दोन आठवड्यांपर्यंत जगू लागली. परंतु हे हृदय वासराच्या छातीत नीट बसत नसे. कठीण कवचाचा भार फुप्फुसाकडून येणाऱ्या नीलांवर व अधोमहानीलेवर पडून रक्ताचा परतीचा मार्ग अडे. नीलेतील दाब रोहिणीच्या मानाने फार कमी व तिची भिंत पातळ असल्यामुळे थोड्याशा बाह्य दाबानेही ती चेपली जाते. मग पंप कितीही वेगाने चालविला, तरी तो भरतच नाही. डावीकडील मार्ग अडल्यास फुप्फुसात पाणी साचते. उजवीकडील अडल्यास यकृत सुजते व पोटात पाणी होते.

या दोषावर औषध नव्हते. पंपाचा आकार बदलणे हाच उपाय होता. रॉबर्ट जार्विक यांनी वासराच्या छातीला साजेल अशा चपट्या घडणीचे हृदय तयार केले. जोडणीतही सुधारणा झाली. डेक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या कापडाच्या पट्ट्या प्रथम अलिंदांना व रोहिण्यांना मोकळेपणी शिवून घ्यावयाच्या, टाके गळत नाहीत ना हे तपासावयाचे आणि मग दाबून बसणाऱ्या कड्यांनी पंप त्यांना जोडावयाचा, अशी पद्धत रूढ झाली. पंप बसविल्यावर मागील बाजूचे टाके दिसत नाहीत. म्हणून ही पूर्वतपासणी महत्त्वाची होती. पशुवैद्य डॉन ऑल्सेन यांच्या देखरेखीखाली यूटा येथे या शस्त्रक्रियांना व त्यानंतरच्या शुश्रूषेला शिस्तबद्ध रूप आले.

पृष्ठभागाचा प्रश्न : रक्ताला मानवेल असा पृष्ठभाग मिळविण्याचे दोन परस्परविरोधी मार्ग अनुसरण्यात आले. पहिला मार्ग पृष्ठभाग शक्य तितका गुळगुळीत व जोडविरहित करण्याचा. व्हिन्सेंट गॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ग्रॅफाइटाच्या थरावर हेपारीन बांधून ठेवण्याची कृती प्रसिद्ध केली. अशा अस्तराची छोटी कडी कुत्र्याच्या महानीलेत बसवून ती किती वेळ मोकळी राहते, हे पाहण्याची त्यांची कसोटी पुढे अनेक द्रव्यांसाठी वापरली गेली. नीलेतील प्रवाह मंद असल्यामुळे ही कसोटी कठोर मानली जाई. १९६७ मध्ये जॉन बोरेटोस व विल्यम पिअर्स यांनी खंडित पॉलियुरेथेन हे लवचिक द्रव्य वैद्यकीय उपयोगासाठी सुचविले. लाखो वेळा वाकूनही ते तडकत नाही आणि रक्ताशी त्याचे बरे जुळते. पुढील बहुतेक कृत्रिम हृदयांचे पडदे याच वर्गातील द्रव्यांचे झाले.

दुसरा मार्ग पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करण्याचा. ह्यूस्टन येथे डोमिंगो लिओट्टा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पंपाच्या आतून डेक्रॉनची मखमल लावली. तिच्या लवेत क्लथाचा पातळ थर घट्ट अडकतो आणि हळूहळू त्याचे सजीव अस्तरासारख्या थरात रूपांतर होते, अशी यामागील कल्पना होती. वासरात हा थर तयार होई. पण तो प्रमाणाबाहेर जाड होई, हलत्या पडद्यावरून सोलला जाई किंवा अलिंदाच्या जोडणीपाशी वाढून मार्ग अरुंद करी. क्लीव्हलँड येथे युकिहिको नोसे यांनी रबराच्या पृष्ठभागावर प्रक्रिया केलेल्या जिलेटिनासारख्या जैव प्रथिनाचा थर देऊन मधला मार्ग शोधला.

या प्रयोगांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. क्लथ बहुधा पडद्याच्या मध्यावर होत नसे. तो झडपेचे कडे व पंपाचे कवच यांमधील फटीत, टाक्यांच्या रेषेवर किंवा पडदा कवचाला मिळतो त्या कोपऱ्यात सुरू होई. तेव्हा द्रव्य निवडण्याइतकेच महत्त्व घडणीतील बारकाव्यांना आले.

क्लथनरोधी औषधे : शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत उपचार करणाऱ्यांपुढे पेच असतो. हेपारीन लवकर सुरू केले, तर टाक्यांतून रक्त वाहते; उशिरा केले, तर फटींत क्लथ धरतो. म्हणून छातीतील नळीतून येणारे रक्त कमी होईपर्यंत थांबून मग अल्प मात्रेत हेपारीन द्यावयाचे व पुढे तोंडावाटे वॉरफारीन चालू करावयाचे, असा क्रम सामान्यतः पाळला गेला. बिंबाणूंचा चिकटपणा कमी करण्यासाठी ॲस्पिरीन व डायपिरिडॅमोल यांचाही उपयोग करण्यात आला.

वॉरफारिनाचा इतिहास येथे उद्‌बोधक आहे. १९२० नंतरच्या दशकात उत्तर अमेरिकेत सडलेला गोड क्लोव्हर चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत. त्यातील विषारी द्रव्य विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या सुमारास ओळखले. त्याच कुळातील वॉरफारीन प्रथम उंदरांचे विष म्हणून व नंतर माणसासाठी औषध म्हणून वापरात आले. गुरांच्या रोगातून मिळालेले हे द्रव्य अशा रीतीने प्रयोगशाळेतील वासरांच्या संरक्षणासाठी वापरले गेले.

कॅल्सीभवन : वासरे महिनोन्‌महिने जगू लागल्यावर पडद्याच्या वाकणाऱ्या भागावर कॅल्शियम फॉस्फेटाचे पांढरट थर आढळू लागले. वाढत्या वयात हाडे तयार होत असल्यामुळे रक्तात या क्षारांचे चलनवलन अधिक असते. हे त्याचे एक कारण होय. कठीण झालेला पडदा तडकतो आणि खडबडीत थरावर क्लथ धरतो. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या हर्शी येथील केंद्रात पिअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांना वॉरफारीन दिल्याने वासरांतील हे कॅल्सीभवन रोखले जाते असे दिसून आले (१९८०). कॅल्शियम धरून ठेवणारी काही प्रथिने तयार होण्यास के जीवनसत्त्व लागते व वॉरफारीन त्या जीवनसत्त्वाच्या कार्याला विरोध करते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. अशा प्रकारे एकाच औषधाचा दोन उपद्रवांवर उपयोग झाला.

वाढ व नीलांतील दाब : यूटा येथील आबेबे हे वासरू १८४ दिवस व आल्फ्रेड लॉर्ड टेनिसन हे वासरू २६८ दिवस जगले. एवढ्या काळात वासराचे वजन कितीतरी वाढते. पंप मात्र तेवढाच राहतो. ठोक्यागणिक सुमारे १०० मिलि. रक्त ढकलणारा पंप वाढत्या देहाला अपुरा पडू लागला की, रक्त नीलांत तुंबते. त्यातच अलिंदाच्या जोडणीभोवती तंतुमय ऊतक वाढून प्रवेशमार्ग अरुंद होतो. यामुळे दीर्घ काळ जगलेल्या अनेक वासरांचा शेवट पंप चालू असतानाच झाला.

टोकिओ विद्यापीठात काझुहिको आत्सुमी यांच्या गटाने वाढ पूर्ण झालेल्या बोकड-शेळ्यांची निवड करून ही अडचण टाळली. १९८४ मध्ये तेथील एका शेळीने ३४४ दिवसांचा टप्पा गाठला. तरीही शेळ्यांमध्ये नीलांतील दाब वाढलेला राही व यकृतावर ताण येई. पंप पुरेसे रक्त देत असूनही असे का व्हावे, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर नियंत्रणाच्या पद्धतीत सापडले. निरोगी शरीरात स्नायूंना अधिक रक्त हवे असेल, तेव्हा सूक्ष्म रोहिण्या रुंदावतात, त्यांचा रोध कमी होतो व हृदय त्यानुसार अधिक रक्त देते. पंपाचा प्रवाह या रोधाच्या व्यस्त प्रमाणात बदलता ठेवल्यावर नीलांतील दाब सुधारला व टोकिओ येथील एक शेळी ५३२ दिवस जगली. प्रवाह किती असावा, हे यंत्रचालकाऐवजी प्राण्याच्या वाहिन्यांनाच ठरवू द्यावे, असे हे तत्त्व आहे.

वृक्के व मेंदू : शवपरीक्षेत वासरांच्या वृक्कांमध्ये जुने व नवे अभिकोथ वारंवार आढळत. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा वृक्कांकडे जातो. साहजिकच अंतर्कीलही तेथे अधिक जातात. वृक्काचा बराच भाग निकामी झाला, तरी उरलेला भाग काम भागवितो. त्यामुळे जिवंतपणी वासरू खातपीत असे, पट्ट्यावर चाले व निरोगी दिसे. मेंदूला इजा झाल्याची लक्षणे क्वचितच दिसत.

याचे एक कारण शरीररचनेत आहे. गाय, शेळी, मेंढी या रवंथ करणाऱ्या प्राण्यांत मेंदूकडे जाणारे रक्त कवटीच्या तळाशी असलेल्या सूक्ष्म रोहिण्यांच्या दाट जाळ्यातून जाते. हे जाळे गाळणीसारखे काम करून लहान अंतर्कील अडवीत असावे, असे मानतात. माणसात असे जाळे नसते. महारोहिणीतून निघालेला तुकडा थेट मेंदूच्या रोहिणीत पोहोचू शकतो. म्हणजे वासराच्या वृक्कातील व्रण हा इशारा होता, पण त्याचे लक्षण वासराच्या वागण्यात उमटत नव्हते.

मानवातील अनुभव : डेंटन कूली यांनी ४ एप्रिल १९६९ रोजी ह्यूस्टन येथे लिओट्टा यांचे कृत्रिम हृदय एका रुग्णास बसविले. ६४ तासांनी दात्याचे हृदय बसविण्यात आले. परंतु त्यानंतर दीड दिवसाच्या आत रुग्ण दगावला. प्राण्यांवरील अनुभव अपुरा असताना ही शस्त्रक्रिया झाली, अशी टीका त्या वेळी झाली. यूटा येथे विल्यम डेव्ह्रीस यांनी २ डिसेंबर १९८२ रोजी बार्नी क्लार्क या निवृत्त दंतवैद्यास जार्विक-७ हे हृदय बसविले. क्लार्क ११२ दिवस जगले. १९८४ मध्ये लुइव्हिल येथे हेच हृदय बसविलेले विल्यम श्रोडर ६२० दिवस जगले. मात्र शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांच्या आत त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढेही असे झटके येत राहिले. वासरांनी जो धोका झाकून ठेवला होता, तो येथे उघड झाला. १९९० मध्ये अमेरिकी शासनाने या हृदयाच्या वापराची परवानगी काढून घेतली.

पॅरिस येथील ला पित्ये रुग्णालयाचा अनुभव वेगळा होता. तेथे हेच हृदय वापरताना क्लथनाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर परिणाम करणारी अनेक औषधे अल्प मात्रेत एकत्र देण्यात आली व रक्ताच्या वारंवार चाचण्या करून मात्रा बदलण्यात आल्या. पक्षाघाताचे प्रमाण बरेच कमी राहिले. या अनुभवाचा पुढे उपयोग होऊन सुधारित स्वरूपातील हेच हृदय, दाता मिळेपर्यंतचे तात्पुरते साधन म्हणून, २००४ मध्ये अमेरिकेत पुन्हा मान्य झाले.

नंतरची प्रगती : २००१ मध्ये लुइव्हिल येथे ॲबिओकॉर हे पूर्णपणे शरीरात राहणारे हृदय प्रथम बसविण्यात आले. त्वचेतून बाहेर येणारी नळी नसल्याने जंतुसंसर्गाचा एक मार्ग बंद झाला. परंतु अलिंदाच्या जोडणीत आधारासाठी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या काड्यांवर क्लथ आढळल्याने त्या पुढे काढून टाकाव्या लागल्या. खडबडीत पृष्ठभागाची जुनी कल्पना डाव्या निलयाला साहाय्य करणाऱ्या एका पंपात यशस्वी ठरली व १९९४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. फ्रान्समध्ये आलँ कार्पांत्ये यांच्या कल्पनेतून साकारलेल्या व डिसेंबर २०१३ मध्ये पॅरिस येथे प्रथम रोपण झालेल्या हृदयात पडद्याची रक्ताकडील बाजू गाईच्या हृदयावरणापासून बनविलेली आहे. जुलै २०२४ मध्ये ह्यूस्टन येथे बसविलेल्या बायव्हॅकॉर हृदयात पडदा व झडपा नाहीतच; चुंबकीय बलाने अधांतरी राहणारे एकच चक्र त्यात फिरते. घासणारे भाग व अरुंद फटी टाळणे, हा त्यामागील हेतू वासरांवरील अर्धशतकाच्या अनुभवाशी जुळणारा आहे.

प्राण्यांवरील या प्रयोगांच्या नैतिकतेविषयी मतभेद आहेत. वाढीमुळे पंप अपुरा पडेपर्यंत प्राणी जगविणे कितपत योग्य, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला व अद्याप विचारला जातो. जगलेल्या दिवसांच्या संख्येला प्रसिद्धी मिळाली. परंतु उपचारांना खरे मार्गदर्शन शवपरीक्षेतील नोंदींनी केले. फटीतील क्लथ, चेपलेली नीला, पडद्यावरील क्षार व वृक्कातील व्रण यांच्या त्या नोंदी होत्या. प्रायोगिक प्राणी जे दाखवितो त्याबरोबरच त्याची शरीररचना काय झाकून ठेवते, हेही तपासले पाहिजे, हा या इतिहासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.